दात काढण्याआधीची तयारी: कॅप, ब्रिज, इम्प्लांट की कवळी

दात काढून घ्यायला खुर्चीत बसण्याआधी ‘या जागी नंतर काय बसवायचं?’ हे डॉक्टरांशी बोलून झालेलं असावं. तयारीच्या यादीतली ही पहिली नोंद, आणि राहून जाते तीही हीच. ठणका लागला की तो दात एकदाचा जावा एवढंच सुचतं, पुढचं पुढे बघू म्हणून माणूस घरी येतो. पण मुळाभोवतीचं हाड त्या दाताच्या आधारानेच टिकून असतं. दात गेला की ते झिजायला लागतं. वर्षभरात त्या जागची हाडाची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. काही वर्षांनी इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात घट्ट बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचं ठरवलं तर मग आधी हाड भरून घ्यावं लागतं: आणखी एक शस्त्रक्रिया, आणखी काही महिने आणि वाढीव खर्च. तोवर शेजारचे दात मोकळ्या जागेत कललेले असतात आणि समोरच्या जबड्यातला दात त्या पोकळीकडे सरकत आलेला असतो. म्हणून दात काढतानाच त्या खड्ड्यात हाड टिकवणारी भुकटी भरता येईल का, की लगेच इम्प्लांट बसवता येईल, हे आधीच विचारून ठेवा. कितीही दुखत असलं तरी हा प्रश्न दोन मिनिटांचा आहे.

दात वाचतो का, हेही त्याच वेळी विचारा. इथे एक माप लक्षात ठेवण्यासारखं आहे. रूट कॅनल करून कॅप बसवायची तर हिरडीच्या वर चारही बाजूंनी साधारण दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक हवा. लाकडी चाकाला लोखंडी धाव जशी घट्ट जखडून ठेवते, तशी कॅपची कड त्या उरलेल्या दाताला कवेत घेते, आणि त्यावरच कॅपचं आयुष्य ठरतं. एवढा दात उरला नसेल तर मुळाच्या आत पोस्ट, म्हणजे आधाराची खुंटी, घालून केलेलं बांधकामही पुढे सैल होण्याची किंवा मूळ तडकण्याची भीती राहते. ‘हिरडीच्या वर किती दात उरलाय, मला एक्सरेवर दाखवा’ असं सरळ म्हणावं. चांगला डॉक्टर खूश होऊन दाखवतो. माझं मत स्पष्ट आहे: वाचवण्याजोगा स्वतःचा दात कोणत्याही इम्प्लांटपेक्षा बरा. दात आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो, तो चावण्याचा दाब जाणवून देतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेलं असतं, त्याला ही जाण नाही.

आता औषधांची यादी. ही तोंडी सांगू नका, कागदावर लिहून न्या, नाहीतर पाकिटंच पिशवीत टाका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घेतली जाणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, सहा महिन्यांनी टोचलं जाणारं डेनोसुमॅब ही औषधं रोजची नसल्याने लोक सांगायलाच विसरतात. दाताच्या कामात मात्र यांचं महत्त्व फार, कारण ती चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही आणि उघडं पडतं. कर्करोगाच्या उपचारात हीच औषधं मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा हा धोका बराच वाढतो. असे उपचार सुरू होणार असतील तर दातांची कामं त्याआधी उरकून घ्यावीत. मात्र यातलं कोणतंही औषध आपल्या मनाने थांबवू नका. डेनोसुमॅबची ठरलेली सुई लांबली तर मणके मोडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. त्या परस्पर बंद करणं दाताच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. वॉरफरिन घेत असाल तर अगदी ताजा आयएनआर रिपोर्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बरोबर ठेवा. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल, तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं. ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, काढून ठेवा. तो सातच्या आसपास असेल तर जखम भरण्याची चिंता कमी. खूप वर असेल तर आधी साखर, मग इम्प्लांट.

तंबाखू थांबवणं हीही तयारीच आहे. ओढायची असो वा चघळायची, तिने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. निदान शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून इम्प्लांटशी हाड जुळेपर्यंत तरी ती बंद हवी.

हिरड्यांचं काम नव्या दाताच्या आधी. ब्रश करताना रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी सफाई आणि हिरड्यांचा उपचार पूर्ण करा. ज्या जंतूंनी पहिला दात घालवला तेच इम्प्लांटभोवतीचं हाडही खातात. किडलेले बाकीचे दातही याच काळात भरून घ्यावेत. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आवर्जून सांगा. स्वतःला कळत नसेल तर त्याच खोलीत झोपणाऱ्याला विचारा, सकाळी जबडा आखडतो का ते बघा. अशा तोंडात कॅपचं चिनीमातीचं आवरण टवके उडून जातं आणि इम्प्लांटचा स्क्रू सैल होतो. रात्री लावायच्या गार्डचा खर्च त्यामुळे सुरुवातीलाच हिशेबात धरा.

मग निवडीचा दिवस. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने मोकळ्या जागेवर बसवलेला दात. त्यासाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात, आणि घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. शेजारच्या दातांवर आधीच मोठं फिलिंग किंवा कॅप असेल तर ब्रिज समजण्यासारखा आहे. ते धडधाकट असतील तर नुसती जागा भरण्यासाठी त्यांची झीज करायला माझं मन तयार होत नाही. पुढचा एखादाच दात गेला असेल तर मागच्या बाजूने एका दाताला चिकटवायचा पंखाचा ब्रिज होतो का, ते विचारा. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी अ‍ॅसिडने दाताचं एनॅमल खडबडीत करून त्यावर रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) पक्कं चिकटवता येतं हे दाखवलं. आजची दाताच्या रंगाची फिलिंग आणि असे ब्रिज त्याच पायावर उभे आहेत. वाढीच्या वयातल्या मुलामुलींना तर असाच काहीतरी तात्पुरता उपाय हवा, कारण जबडा वाढत राहतो आणि इम्प्लांट मात्र बसवलं तिथेच राहतं. काही वर्षांत ते शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसायला लागतं.

इम्प्लांट ठरलं तर सीटी स्कॅन का काढायचा ते समजून घ्या. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. या दोन्हींपासूनचं अंतर साध्या एक्सरेवर नीट कळत नाही. हाड जुळायला लागणारा वेळही आधीच कॅलेंडरवर मांडा: साधारणपणे तीन ते सहा महिने, खालच्या जबड्यात कमी, वरच्यात जास्त, कारण वरचं हाड मऊ असतं. ही जुळणी म्हणजे टायटॅनियम आणि हाड यांचं एकजीव होणं. १९५२ मध्ये स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढता येईना, तेव्हा ते प्रथम त्यांच्या लक्षात आलं. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाला त्यांनी इम्प्लांट बसवली, आणि २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ती काम देत होती. ‘एका दिवसात नवे दात’ ही सोय काहींना खरोखरच लाभते. पण त्या दिवशी मिळतात ते बहुधा तात्पुरते दात, हाड आपला वेळ घेतंच. तेवढ्या महिन्यांत पुढची जागा उघडी राहणार की तात्पुरता दात मिळणार, हे ठरवून घ्या. लग्न, मुलाखत, लांबचा प्रवास असेल तर तारखा सांगा.

कॅपचा रंग ठरवायला सकाळी जा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांनी कॅपसाठी दात घासून बारीक करायला सुरुवात करण्याआधी. तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि काही मिनिटांतच पांढुरके दिसू लागतात. त्या रंगावर बनवलेली कॅप घरी गेल्यावर शेजारच्या दातापेक्षा उजळ दिसते. पुढच्या दाताला एकच छटा नसते: हिरडीशी पिवळसर, मध्ये भरीव, कडेला जवळजवळ पारदर्शक. कॅप बनवणाऱ्या लॅबकडे फोटो पाठवणार का, हे विचारायला संकोच नको. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, आणि रंग स्थिर व्हायला दोनेक आठवडे जाऊ द्यावेत, कारण कॅप नंतर ब्लीच होत नाही.

दात काढण्याच्या किंवा शस्त्रक्रियेच्या दिवशी पोट भरलेलं हवं. मात्र झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्या विचारा आणि न्यायला-आणायला कुणीतरी बरोबर घ्या. घरी बर्फ, लिहून दिलेल्या गोळ्या आणि मऊ, कोमट खाण्याची सोय आधीच करून ठेवा. भूल उतरेपर्यंत चावू नका, ओठ चावला गेल्याचं नंतर कळतं. पहिले चोवीस तास जोरात चूळ भरणं आणि स्ट्रॉने पिणं टाळा, खड्ड्यातली रक्ताची गुठळी जागेवर राहायला हवी.

कॅप बसवण्याच्या दिवशी घाई दाखवू नका. सिमेंट लावण्याआधी आरशात पाहा, दोन दातांमधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) अडत, पण न तुटता जातो का ते बघायला सांगा. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावतात तेव्हा पाठ सरळ करून बसा, कारण आडवं पडल्यावर खालचा जबडा किंचित मागे जातो आणि वेगळीच खूण उमटते. नुसतं टकटक करू नका, दात डावी-उजवीकडे सरकवूनही पाहा. केसाएवढा उंचवटा राहिला तरी चारेक दिवसांत तो दात दुखायला लागतो. ‘होईल सवय’ असं कुणी म्हणालं तरी नम्रपणे पुन्हा घासून घ्या.

पूर्ण कवळी घेणाऱ्यांची तयारी निराळी. वरची टाळूला धरून बसते. खालची जिभेमुळे हलते आणि तिची सवय व्हायला आठवडे लागतात. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हीच पहिली पसंती असावी, अशी भूमिका मांडली. शक्य असेल त्यांनी हा पर्याय जरूर विचारावा. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायला डबा आणि मऊ ब्रश आणून ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने ती वाकडी होते. जबडा झिजत राहतो, तेव्हा काही वर्षांनी तिला आतून अस्तर द्यावं लागतं. ते आजच माहीत असावं.

शेवटी कागद. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर मागून घ्या. कॅप झिरकोनियाची (धातूविना, पांढऱ्या कठीण सिरॅमिकची) की धातूवर चिनीमातीची, ती सिमेंटने बसवली की स्क्रूने, हेही लिहून घ्या. पहिल्या महिन्यांतले एक्सरे फोनमध्ये साठवा. दहा वर्षांनी स्क्रू सैल होईल तेव्हा तुम्ही कदाचित दुसऱ्या गावात असाल, आणि त्या डॉक्टरांना नेमका कुठला पाना लागतो हे त्या स्टिकरवरूनच कळेल.