सेल्टिककडून खेळले म्हणजे कॅथलिकच? (माझा अनुभव)

नवरा ग्लासगोचा. त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धाआधी सेल्टिक या तिथल्या फुटबॉल क्लबकडून खेळले. हा क्लब कॅथलिकांचा मानला जातो, म्हणजे पणजोबाही कॅथलिकच, असं सासरी सगळे धरून चालले होते. मीही आधी कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीच चाळल्या. हाती काहीच लागलं नाही.

1911 च्या जनगणनेत ते सापडले, पण धंदा ‘कोळसा खाणकामगार’! शिवाय स्कॉटलंडच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न 2001 पर्यंत नव्हताच. जुन्या वर्तमानपत्रांत सामन्यांच्या बातम्या मिळाल्या, पण तिथे नुसतं आडनाव. त्या आडनावाचे खेळाडू पैशाला पासरी.

गुंता सुटला तो पणजोबांच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर. स्कॉटलंडच्या त्या काळच्या दाखल्यात आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही असतं, आईचं माहेरचं आडनाव तर असतंच. (आपल्याकडे हे असतं तर!) ते घेऊन ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर लग्नाचा दाखला काढला. लग्न कोणत्या चर्चच्या रीतीने लागलं, ते त्यात लिहिलेलं असतं. इथे होतं ‘युनायटेड फ्री चर्च’. म्हणजे पक्के प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ)! आणि धंद्याच्या रकान्यात ‘फुटबॉलपटू’, म्हणजे माणूस तोच.

सेल्टिकने प्रोटेस्टंट खेळाडू कधीच वर्ज्य मानले नव्हते. 1931 मध्ये रेंजर्स या ग्लासगोच्याच प्रतिस्पर्धी क्लबविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून गेलेला त्यांचा गोलकीपर जॉन थॉमसनही प्रोटेस्टंटच होता. सासूबाईंना मात्र अजून पटलेलं नाही. त्यांच्यासाठी आता मृत्यूदाखला मागवलाय.