कडी काढण्याआधी खोकायचं

गोराईच्या त्या फेझंट पाळणाऱ्या वाडीत कामाला लागले तेव्हा माझ्याकडे प्राणिशास्त्राची बीएस्सी होती आणि अंगात केशरी रेनकोट होता. जुलैची सकाळ. बोरिवलीहून खाडीतली पहिली बोट पकडून पलीकडे उतरले तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. पिंजऱ्याची कडी काढली, आत शिरले आणि रेनकोट झटकला. एवढंच केलं. समोरचा सोनेरी फेझंटचा (कोंबडीच्या कुळातला रंगीत पक्षी) नर जमिनीवरून सरळ वर उसळला आणि छताच्या तारेच्या जाळीवर धाडकन आपटला. खाली पडला तेव्हा डोक्यावरची कातडी तुऱ्यासकट मागे सोललेली होती.

डॉक्टरांनी टाके घातले, पक्षी वाचला. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी तिथं वीस वर्षं काम करणारी मावशी म्हणाली, "पोरी, आधी बाहेरून खोकायचं. मग कडी काढायची. आणि उद्यापासून हे केशरी घालून येऊ नकोस."

या कामात नव्यानं येणाऱ्याला मी हेच पहिल्यांदा सांगते. फेझंट म्हणजे रंगीत कोंबडी नव्हे. कुळ एकच आहे, मोरसुद्धा त्याच कुळातला. पण कोंबडी हजारो वर्षं माणसाच्या अंगणात वावरली आहे. फेझंट पिंजऱ्यात जन्मला, त्याचे आईबाप पिंजऱ्यात जन्मले, तरी त्याच्या डोक्यातलं रान जात नाही. रानात त्याची रीत ठरलेली: झुडपात दबून बसायचं, शत्रू अगदी पायाशी आला की फडफडत थेट वर, थोडं अंतर तरंगत जायचं, आणि उतरलं की पळायचं. छातीचे स्नायू त्यासाठीच बनलेले, दोन-चार सेकंद जबरदस्त जोर देणारे. पिंजऱ्यात ते दोन सेकंद छतावर खर्च होतात.

म्हणून पिंजरा बांधताना आधी छताचा विचार करा. तारेच्या जाळीखाली वीतभर अंतर सोडून नायलॉनची मऊ जाळी ताणून बांधायची. पक्षी आपटला तरी ती झोळीसारखी खाली येते. आत दोन-तीन ठिकाणी दाट झाडोरा हवा; आम्ही नारळाच्या झावळ्या तिरक्या टेकवून ठेवतो. लपायला जागा असली की तो वर उडण्याऐवजी आत घुसतो. एक नर आणि दोन माद्यांना निदान शंभर चौरस फूट तरी द्या. आमच्या बाल्कनीत जमेल का, असं विचारणारे पुष्कळ येतात. नाही जमणार. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हा पक्षी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

दुसरा नर त्याच पिंजऱ्यात सोडायचा मोह टाळा. विणीच्या दिवसांत ते एकमेकांचा जीव घेतात. सिल्व्हर फेझंटचा नर तर माणसाच्या पायावरही धावून येतो आणि त्याच्या पायामागची टोकदार आर पँटमधून टोचते. त्याच्याकडे जाताना मी अजूनही हातात सूप धरते, ढालीसारखं.

सोनेरीचं मात्र वेगळं. तो मूळचा मध्य चीनच्या डोंगरातल्या दाट झाडीतला, सावलीचा पक्षी. सतत कडक उन्हात ठेवला तर त्याचे रंग विटतात. गोराईत आंब्याखाली पिंजरे आहेत ते यासाठी. फेब्रुवारीत त्याचा नाच बघायचा. मादीच्या पुढं आडवा येऊन उभा राहतो, मानेवरचा नारिंगी-काळा पट्टेदार पिसारा पंख्यासारखा तिच्याच बाजूला पसरतो, पंख्याच्या आडून फक्त एक डोळा दिसतो आणि 'स्स' असा आवाज काढतो. ती दुसरीकडे वळली की हा धावत जाऊन पुन्हा आडवा. मादी बहुतेक वेळा दाणे टिपत असते. नराला हा साज चढायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. पहिल्या वर्षी तो मादीसारखाच मातकट दिसतो, त्यामुळे घाईनं 'जोडी' विकत घेणारे हमखास फसतात.

अंडी दुपारनंतर पडतात, बहुतेक एक दिवसाआड. पिंजऱ्यातल्या माद्या बऱ्याचदा कुठंही अंडं टाकून चालत्या होतात, अंडी उबवायला बसण्याचं नावच घेत नाहीत. म्हणून रोज सूर्य मावळायच्या आत अंडी गोळा करायची, नाहीतर घूस नेते. आठवडाभराहून जास्त साठवू नका. आमच्याकडे अंडी उबवायचं मशीन आहे, पण मावशीचा विश्वास खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, गावठी कोंबडीवर. सोनेरीला बावीस-तेवीस दिवस लागतात, गळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या नेहमीच्या फेझंटला चोवीसच्या आसपास. मशीनमध्ये शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं बंद.

कोंबडीखाली पिल्लं चांगली निघतात हे खरं, पण त्यात एक मेख आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांबरोबर एक परजीवी येतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. फेझंटच्या यकृताची मात्र वाट लावतो. जंताची अंडी मातीत पडतात, ती गांडुळाच्या पोटात जातात, आणि मुंबईच्या पहिल्या पावसात गांडुळं वर येतात. फेझंट ती मिटक्या मारत खातो. त्यामुळे कोंबड्यांचं खुराडं आणि फेझंटचे पिंजरे लांब ठेवायचे, कोंबड्यांची जमीन फेझंटना द्यायची नाही, पावसाळ्याआधी वाळूचा जाड थर टाकायचा. जंताचं औषध आम्ही मे अखेर आणि पाऊस सरल्यावर देतो, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. पक्षी मान ताणून तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर श्वासनळीतला जंत आठवा. तोही गांडूळ आणि गोगलगायीतूनच येतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. आणि दमट हवेत मक्याला बुरशी लागते. वास आला की पोतं फेकायचं, उन्हात वाळवून परत वापरायचं नाही. ही काटकसर मी एकदा पाहिली आहे, त्यात किती पक्षी गेले ते सांगत नाही.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश ऊब द्या, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवा. खोक्याचे कोपरे पुठ्ठ्यानं गोल करा, नाहीतर ती कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. पाण्याच्या थाळीत गोट्या टाका. दाणा दिसूनही न खाणारं पिल्लू हलणाऱ्या वाळवीवर मात्र झडप घालतं, म्हणून मावशी वारुळाचं ढेकूळ घेऊन येते. कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य यांना कमी पडतं, प्रथिनं जास्त लागतात. आम्ही उकडलेलं अंडं कुस्करून घालतो. दहाव्या दिवसाच्या सुमाराला ती उडायला लागतात. वर जाळी हवीच. माझी सात पिल्लं एका दुपारी स्वयंपाकघरातल्या फळीवर सापडली होती.

कायद्याचं थोडक्यात. मोनाल, कालीज, चीर, रानकोंबडा असे आपल्याकडचे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी 'हिमाचलची जोडी' देतो म्हणाला तर तिथून निघा. परदेशी जातींपैकी सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, जात कोणती ते आधी बघा. आपल्या रानातले त्यांचे भाऊबंद पाहायचे तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे जा. चकोत्री, म्हणजे त्याच कुळातला रानपक्षी, पाचोळ्यात खुसफुसताना ऐकू येते, दिसेलच असं नाही. १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम मी नोकरी लागल्यावर केला. आधी करायला हवा होता.

पगार सुरुवातीला नऊ हजार होता, त्यात बोटीचं भाडं माझं. दिवाळीची सुट्टी विसरा. फटाक्यांच्या चार रात्री आम्ही पिंजऱ्यांना गोणपाट लावून मंद दिवा ठेवतो आणि तिथंच झोपतो, कारण अंधारात बिथरलेला पक्षी परत फांदीवर बसू शकत नाही.

एखाद्या वाडीत काम मागायला जाल तेव्हा मालक पिसारे दाखवतील. तुम्ही नरांची डोकी बघा. दोन-तीन टकली दिसली तर वर मान करून छताची जाळी कसली आहे ते पाहा, मग पगाराचं बोला.