रिअल-टाइम डेटाबेस: डेडलाइन आणि महत्त्व एकाच आकड्यात कालवू नका

रिअल-टाइम डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथे काम ठरल्या वेळेत व्हावं लागतं तिथे, ट्रान्झॅक्शनची (डेटा वाचण्या-लिहिण्याच्या एका अखंड कामाची) प्रायॉरिटी ठरवताना डेडलाइन आणि महत्त्व यांना वजनं देऊन एकच आकडा काढायचा मोह होतो. तो टाळा. क्रम डेडलाइनने लावा. काय सोडायचं ते महत्त्वाने ठरवा.

ज्याची डेडलाइन जवळ ते काम आधी, हा नियम (ईडीएफ, म्हणजे ‘अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट’) एका प्रोसेसरवर, भार क्षमतेच्या आत असेपर्यंत, छान चालतो. ठराविक काळाने येणाऱ्या, स्वतंत्र, मध्येच थांबवता येणाऱ्या कामांपुरतं हे लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं. भार वाढला की मात्र हाच नियम घात करतो: वेळेत संपणारच नाही अशा कामाला पहिला नंबर देतो आणि मागची कामंही उशिरात ढकलतो. वीज सबस्टेशनमध्ये बिघाड झाल्यावर अलार्मचा पूर येतो, नेमकं तेव्हाच हे नडतं. म्हणून उरलेला वेळ अंदाजित कामापेक्षा कमी असलेली ट्रान्झॅक्शन्स आधीच काढून टाका. (उशिराचं उत्तर निरुपयोगी असेल तरच, अर्थात.) तरीही रांग मावत नसेल, तर महत्त्व भागिले उरलेलं काम हे गुणोत्तर ज्याचं सर्वांत कमी, ते वगळा. ब्रेकर ट्रिप झाल्याची (बिघाडामुळे वीज तोडणारा स्विच पडल्याची) नोंद होऊ दे, तासाचा रिपोर्ट थांबेल.

लॉकही बघा, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन डेटा वापरत असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप. रिपोर्टने धरलेल्या लॉकवर ब्रेकरची नोंद अडकली, तर सीपीयूची चोख रांग फुकट. रिपोर्ट संपत आला असेल तर त्याला तात्पुरती वरची प्रायॉरिटी द्या. नुकताच सुरू झाला असेल तर रद्द करून नंतर पुन्हा चालवा.