अन्ननलिकेची तपासणी: बेरियमपासून तुकड्यापर्यंत या चुका टाळा

आपल्याकडचा रुग्ण ‘गिळायला त्रास होतो’ असं सहसा आधी म्हणतच नाही. कडक भाकरी सोडून तो मऊ भाकरीवर येतो, मग ती आमटीत कुस्करतो, शेवटी दूधभातावर. जेवण कसं आहे विचारलं तर ‘व्यवस्थित’. म्हणून कडक भाकरी शेवटची कधी खाल्ली, ते विचारा. विडी-तंबाखूवाला, चाळिशी उलटलेला, घास अडकतो म्हणतोय आणि महिनोन्महिने पॅन्टोप्राझोलच (आम्लपित्ताची गोळी) चालू, हे थांबवा. आधी दुर्बीण (एंडोस्कोपी).

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बेरियमवर (बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर) नळीचं खालचं टोक चोचीसारखं निमुळतं दिसलं की डोळे मिटून ‘ॲकॅलेशिया’ (खालच्या टोकाची झडप नीट न उघडण्याचा आजार) लिहिणं. नेहमीचं प्रकरण असं: साठीचा माणूस, चार महिन्यांचा त्रास, वजन झपाट्यानं उतरलेलं. फिल्मवर चोच, दुर्बिणीत वरचं अस्तर साफ, तपासायला काढलेला तुकडा (बायॉप्सी) नॉर्मल. मग फुग्यानं ताणायचा सल्ला. गाठ मात्र जठराच्या तोंडाशी, अस्तराखाली पसरलेली. वरवरच्या तुकड्यात ती येणार कुठून? खऱ्या ॲकॅलेशियाची तक्रार बहुधा वर्षानुवर्षांची असते आणि नळी चांगलीच फुगलेली. अरुंद भाग ३.५ सेंमीपेक्षा लांब, एका बाजूला खांदा आल्यासारखा, वरची नळी फारशी फुगलेली नाही, असं दिसलं तर ताणण्याआधी सीटी करा, दुर्बीण जठरात उलटी वळवून तोंड बघा, जमल्यास एंडोसोनोग्राफी (दुर्बिणीतून सोनोग्राफी).

उभं करून ग्लासभर बेरियम पाजलं, दोन फिल्म काढल्या, मोकळे! नवख्यांची ही घाई बघवत नाही. हालचाल बघायची तर पालथं तिरकं झोपवून एकेक घोट द्या, मध्ये २०-३० सेकंद थांबा. लगेच दुसरा घोट दिला की पहिल्या घोटाची आकुंचनाची लाट तिथंच विरते आणि निरोगी नळीही आजारी ठरते.

नळी फाटल्याचा संशय असेल तर सुरुवात बेरियमनं नको, पाण्यात विरघळणारं औषध वापरा. पण ठसका लागणाऱ्याला त्यातलं गॅस्ट्रोग्राफिन नको. फुप्फुसात गेलं तर पाणी भरतं. तिथं त्यातलंच दुसरं, आयोहेक्सॉल.

लियोमायोमा (स्नायूची साधी गाठ) वाटतोय, अस्तर शाबूत आहे? तुकडा घेऊ नका, पुढं गाठ सोलून काढताना अस्तर फाटतं.

व्रणाचा तुकडा कडेचा हवा, मधल्या सडक्या भागाचा नव्हे. एक-दोन नकोत, सहा ते आठ घ्या. सलाइनमध्ये टाकून अक्कलकोटहून दुसऱ्या दिवशी पोचलेला तुकडा वाचता येत नाही. तुकडा टिकवायला १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मवर दातांपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. आणि ‘कॅन्सर दिसला नाही’ असा रिपोर्ट आला, पण दुर्बिणीत गाठ दिसतेय, तर पुन्हा तुकडा घ्या.