आपला कुत्रा वृद्धाश्रमात न्यायचा असेल तर

मी फिजिओथेरपिस्ट. माझी देशी कुत्री मोगरी आणि मी पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात तिथल्या आजी-आजोबांना भेटायला नियमित जातो. 'आमचाही खूप प्रेमळ आहे, त्याला नेऊ का?' असं बरेच जण विचारतात. घरच्यांवर माया करणं इथे पुरत नाही. शेजारी ताट पडलं, वॉकर खडखडला तरी न बिथरणारा आणि अनोळखी माणसाकडे आपणहून जाणारा कुत्रा हवा. मनात नसताना नुसतं गपगुमान सहन करणारा कुत्रा मी कधीच नेणार नाही.

पाळीव प्राण्यांना आजारी आणि वृद्ध माणसांच्या भेटीला नेणाऱ्या अमेरिकेतल्या 'पेट पार्टनर्स' संस्थेची अट मला पटते: कुत्रा किमान एक वर्षाचा असावा आणि तुमच्याकडे निदान सहा महिने राहिलेला असावा. कच्चं मांस खाणारे कुत्रे ते घेत नाहीत, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळच्या वेळी झालेलं हवं. आदल्या दिवशी आंघोळ घाला. नखं कापून कानशीने घासा, कारण म्हातारपणी कातडी इतकी पातळ होते की साध्या ओरखड्यानेही रक्त येतं.

कुणाला भीती वाटते, कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणाला उघडी जखम आहे, हे तिथल्या सिस्टरांना आधीच विचारा. त्या खोल्या सोडून द्यायच्या.

गेल्यावर प्रत्येकाला विचारायचं, 'आजी, मोगरीला भेटायचं का?' नको म्हणाल्या तर पुढे. हो म्हणाल्या तर त्यांचे हात स्वच्छ करून घ्या, व्हीलचेअरचे ब्रेक लावा आणि कुत्र्याला बाजूने जवळ आणा. भेटीनंतर पुन्हा हात धुवायचे.

आता माझ्या कामाचा भाग. पक्षाघातानंतर अधू झालेला हात उचलायचा कंटाळा येतो. तोच हात कुत्र्याला कुरवाळायला पुढे येतो. म्हणून मोगरीला मी मुद्दाम अधू बाजूला उभी करते. जाड मुठीचा ब्रश देते आणि मानेपासून शेपटीपर्यंत फिरवायला सांगते. खांदा, कोपर, मनगट, सगळ्यांना काम मिळतं. मूठ वळत असेल तर चेंडू टाकणं, बोटं चालत असतील तर पट्ट्याचं बक्कल लावणं. व्यायाम कोणता द्यायचा हे मात्र त्यांच्या थेरपिस्टशी बोलूनच ठरवा.

मनालाही उतार पडतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात 249 विद्यार्थी होते. कुत्र्यामांजरांना दहा मिनिटं कुरवाळलेल्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं.

हे सगळं कुत्र्याच्या राजीखुशीने व्हायला हवं. तो ओठ चाटू लागला, झोप नसताना जांभया देऊ लागला, तोंड फिरवलं, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं, शेपूट पायांत गेली, की भेट तिथेच थांबवा. समोरच्या आजोबांना वाईट वाटेल, तरीही. 'ती दमली आहे, आजोबा' म्हटलं की त्यांना कळतं. पेट पार्टनर्सची कमाल मर्यादा दिवसाला दोन तासांची आहे. मी पाऊण तासात आवरते. दिवाळीत फटाके सुरू झाले की भेटी बंदच.

निघण्यापूर्वी कोणी ब्रश किती वेळ धरला आणि कोणत्या हाताने, एवढं सिस्टरांच्या वहीत लिहा. पुढच्या वेळी व्यायाम वाढवायचा की तेवढाच ठेवायचा, हे थेरपिस्टला त्यावरून ठरवता येतं.