देवाच्या ठायी आनंद: कामाच्या धबडग्यात तो कसा शोधावा

सलाम. आमच्या महिला मंडळात नव्याने येणाऱ्या मुली फिरून फिरून एकच विचारतात: चर्चला जातो, प्रार्थना करतो, मग मन असं कोरडं का? सोलापुरात माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. पहाटेपासून हात पिठात असतात, म्हणून मी सांगते ते राबणाऱ्या बाईला जमेल असंच.

आधी मागणं बदला. मुलाला नोकरी लागू दे, मुलीचं जमू दे, गुडघा बरा होऊ दे. जरूर मागा, बाप आहे तो आपला. पण ‘हे मिळालं की मग मी सुखी’ असं धरून बसलात, तर सुख कायम पुढच्या महिन्यावर जातं. बायबलमधल्या 16 व्या स्तोत्रात पूर्ण आनंद देवाच्या सान्निध्यात आहे असं म्हटलंय. तेव्हा सकाळी पहिलं वाक्य एवढंच म्हणा: प्रभू, आज मला तू हवास. यादी त्यानंतर.

मग वचन, म्हणजे बायबल. सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चारच अध्याय आहेत, मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत होतं. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे त्यातलंच, आणि ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंदिवासात होता. त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये 16 वाचा. त्याच फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं आणि मध्यरात्री ते देवाची गीतं गात होते. तिथल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याच रात्री घरादारासह बाप्तिस्मा घेतला. पुढे हे पत्र तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत वाचलं गेलं तेव्हा तोही ऐकायला बसला असेल, असं मला नेहमी वाटतं. पौलाचे वळ धुणारा माणूस तो! त्याला कुणी ‘आनंद करा’ समजावून सांगायला नको.

वाचून झालं की एकच ओळ उचला आणि दिवसभर तोंडात ठेवा. शेंगा चटणी मिक्सरला फिरवली तर नुसता कूट होतो. उखळात लसूण-तिखटाबरोबर कुटत राहिलं की तेल सुटतं. वचनाचं तसंच आहे. मी काठवटीत भाकरी थापताना ओळ म्हणते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवताना पुन्हा म्हणते. शेवटच्या भाकरीपर्यंत ती ओळ माझी झालेली असते.

मन भरून आलं असेल तर देवापुढे हसरा चेहरा करू नका. 13 वं स्तोत्र काढा. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘किती वेळ’ असं विचारलंय, आणि सहाव्या वचनात तोच माणूस गातोय. 88 वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल: वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्वारी करपून गेलेलं आणि गुरं छावणीला नेलेलं साल ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो ‘तरी’ केवढा आहे ते ठाऊक आहे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. नळाला धार येईपर्यंत जागायचंच असतं. मोबाईल बाजूला ठेवा आणि त्या वेळी हेच म्हणा.

कुणाशी अबोला असेल तर तो आधी मिटवा. जावेचं नाव काढलं की तोंड फिरवायचं आणि रविवारी प्रभुभोजनाला पुढे जायचं, हे मनाला आतून पोखरतं. 51 व्या स्तोत्रात दावीद पाप कबूल करतो आणि तारणाचा गेलेला आनंद परत मागतो. तोच क्रम धरा. क्षमा ख्रिस्ताने वधस्तंभावर मिळवून ठेवली आहे, ती आपल्याला कमवायची नाही.

गायला लाजू नका. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-भजनांतून ख्रिस्ताला आपल्या मराठी चालींवर आणलं. पेटी-ढोलक नसलं तर टाळी पुरते.

विश्वास ठेवला की पैसा येतो असं कुणी सांगितलं तर तिथे बसू नका. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. त्यात विश्वास कमी पडत नाही.

आठवड्यातून एकदा मंडळीतल्या आजारी किंवा एकट्या बाईकडे जा. दोन भाकऱ्या, थोडी चटणी न्या, एक स्तोत्र वाचा, तिला आवडतं ते गीत विचारून तिच्याबरोबर म्हणा. मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. पहिल्यांदा एकटीला अवघड वाटलं तर मंडळातल्या कुणाला तरी सोबत घ्या.