नव्याने बांधलेले इंजिन चढावर बंद पडत होते : माझा अनुभव
चिरे वाहणाऱ्या आमच्या जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन नव्याने बांधल्यावर भरल्या गाडीने परशुराम घाट चढताना दम सोडून बंद पडे आणि डिझेल हाताने पुढे ढकलणारा हातपंप मारल्याशिवाय पुन्हा सुरू होत नसे. फिल्टर, डिझेल फवारणारे नोझल, इंजेक्शन पंपाचे (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचे) टायमिंग सारे तपासून झाले आणि जीव मेटाकुटीला आला.

शेवटी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडली, तेव्हा डिझेलबरोबर बुडबुडे येताना दिसले. टाकीकडून येणारा लोखंडी पाइप क्लॅम्पखाली खाऱ्या हवेने गंजला होता. ही ओढीची बाजू असल्याने चालू इंजिनात तेथून डिझेल गळत नाही, हवा मात्र आत शिरते आणि डिझेलचा पुरवठा तुटतो. पाइप व तांब्याचे वॉशर बदलले, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळला आणि मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर तेच केले.